खुर्शिदबाईनं दिलेला सूर

अख्ख्या दौंडात माझ्याइतका धीट गडी न्हाई, पोरांनो. म्हंजी, रात्री परसाकडं जाताना बायको पुढं कंदील धरती, ते सोडा. सरका जवळ. ही गोष्ट माझ्या दोस्ताची, आनंदरावची. रेल्वेत पार्सलबाबू व्हता.

अठ्ठावन्न साल, पौषातला शनिवार. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या क्लबात त्याचं व्हायोलिन आन् खुर्शिदबाईचा पियानो, असा कार्यक्रम. बाई शिरूरची, पारशीण. तालमीला यष्टीनं यायची. दौंडच्या उन्हानं पियानोचा आवाज असा उतरलेला, की जगातल्या कुठल्या पेटीशी जुळत न्हवता. म्हणून आधी बाईनं एक पट्टी दाबायची, मग यानं तारा मिळवायच्या. ती ऐकल्याबिगर याचा मेळच बसायचा न्हाई. वर्षभरात दोघांचं बोलणं तेवढंच. "सूर?" तो विचारायचा. ती द्यायची. पुढचं काय विचारायचं ते या खुळ्याला सुचलंच न्हाई.

पियानोला कुलूप, किल्ली एकच, ती बाईकडं. का, तर मी एकदा आत बेडूक सोडला व्हता.

त्या आठवड्यात बाई तापानं पडली. शनिवारी आनंदरावनं मला शिरूरला धाडलं, उद्या येती का विचारून ये म्हणून. गेलो. दुपारीच संपली व्हती. तिच्या भावानं पियानोची किल्ली तेवढी हातात दिली.

परत आलो तवा रात्रीचे सव्वानऊ. क्लबात तो एकटाच. व्हायोलिनला नव्या तारा चढवलेल्या. चेहरा खुललेला.

"आनंदा, बाई गेली."

"दोनदा फसवलंस मला असं. आता पुरे कर," तो म्हणाला. "आत्ताच येऊन सूर दिला तिनं. दमलेली दिसली. म्हटलं, बसा जरा. तर..."

मी किल्ली पुढं केली.

त्यानं कुलपाकडं बघितलं.

मी पियानोपाशी गेलो. कुलूप तसंच. उघडलं. तिची ती पट्टी दाबली...

त्यानं तारेवर गज ओढला.

एकच सूर. केसाइतकं अंतर न्हाई...

"तुझ्या कानात बसला असंल तो," मी म्हणालो. "भास झाला तुला. तारा तूच मिळवल्यास."

त्यानं व्हायोलिन मांडीवर घेतलं. मग बोलला.

"जालिंदर, खोटं तू बोलतोस, तारा न्हाई."