बहुरूपीवरचा घाट

भिंतीवर चौदा खुंट्या होत्या, आठ हेल्मेटे, तीन पंप. सायकल मात्र एकच. ऋचा जगदाळेच्या वाईतल्या दुकानात गेल्या वर्षापासून तेवढीच असे. तिचे नाव बहुरूपी. सांगाड्याच्या नळ्यांत विजेने ताठ होणारे धागे होते. प्रवाह बदलला की तीच सायकल बाजारातल्या कोणत्याही सायकलसारखी चाले. मागच्या चाकाला चुंबकाची ओढ लावून यंत्र हवा तो चढही उभा करी.

"पसरणी घाट लाव," कुमुद शेवडे म्हणाल्या. वजनकाट्यावर उभ्या राहण्याआधी त्यांनी खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली. छप्पन्न किलो.

दूध संघात फॅट तपासण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. रविवारी सायकलने घाट चढणाऱ्या आठ जणांच्या चमूत सत्तावन्नाव्या वर्षी त्याच सगळ्यात मोठ्या. चमूचा नियम होता, घाट बासष्ट मिनिटांच्या आत. कुमुदताईंना गेले तीन रविवार चौसष्ट लागत होती.

"चमूतला संग्राम म्हणाला, 'काकू, तुम्ही आता पायथ्यालाच थांबा की. आम्ही उतरून आलो की चहा घेऊ.' आता नवी सायकलही बासष्टच्या आत नेत नसेल तर थांबेन."

"सायकलींची नावं आधी सांगणार नाही हं," ऋचा म्हणाली. "नाव कळलं की पाय लबाडी करतात. फक्त नंबर."

बहुरूपीने एकामागून एक चार सायकलींची रूपे घेतली, प्रत्येकीवर पाच-पाच मिनिटे झाली. त्यावरून यंत्राने पूर्ण घाटाची वेळ काढली. मग पडद्यावर नावे उघडली. पहिली मारुत, एकोणसाठ मिनिटे. दुसरी कोर्सा, अठ्ठावन्न वीस. तिसरी हिमाद्री, अठ्ठावन्न चाळीस. चौथी, साठ मिनिटे.

"चौथी कुठली?"

"तुमचीच. जुनी. तुलनेला मी नेहमी घालते."

कुमुदताई पुन्हा पडद्याकडे वळल्या. "हिच्यावर मला चौसष्ट लागतात. तुझा बहुरूपी चार मिनिटं खोटं बोलतो."

"आजवर दहा सेकंदांहून जास्त चुकला नाही तो." ऋचाने मोजणी पुन्हा केली. साठच. मग तिची नजर खुंटीवर गेली. "काकू, ती पिशवी घाटातही असते?"

"मग! दोन लिटरचा थर्मास, थालीपिठांचा डबा, सगळ्यांचं पंक्चरचं सामान. मोठ्यांनी न्यायचं, पोरांनी खायचं. चमूची रीतच आहे."

"काट्यावर ठेवा बघू."

चार किलो सहाशे ग्रॅम.

ऋचाने आकडा यंत्रात घातला. चौथ्या सायकलीची वेळ बदलली: चौसष्ट मिनिटे दहा सेकंद. कुमुदताईंनी दोनदा वाचले आणि त्यांना हसू आवरेना.

"तीस वर्षं दुधातलं पाणी पकडलं गं मी!"

"आता कोर्सा मागवू?"

"थांब. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

रविवारी पायथ्याशी त्यांनी पिशवी संग्रामच्या खांद्यावर अडकवली.

"काकू, हे काय? रीत आहे ना आपली?"

"आहे की. आजपासून पाळीपाळीनं."

वेळ मोजायला घाटमाथ्यावर येऊन थांबलेल्या ऋचाने घड्याळ पाहून वहीत लिहिले. कुमुद शेवडे, जुनी सायकल: साठ मिनिटे बारा सेकंद. संग्राम, पिशवीसह: बासष्ट मिनिटे चाळीस सेकंद.