अकरावीच्या वर्गातला स्पीकर

मार्चातली दुपार. सकाळची शाळा साडेअकरालाच सुटली होती, आणि खुशी प्रॅक्टिकलची वही विसरली म्हणून परत आली होती. बार्शीटाकळीच्या बाहेर, कापूस निघून मोकळ्या झालेल्या काळ्या वावरांच्या कडेला ती शाळा. एवढ्या उन्हात तिकडे चिटपाखरू नसतं. ऑफिसचं दार मात्र उघडं होतं, अन् बाहेर महादेवरावांची मोटारसायकल उभी होती. महादेवराव म्हणजे तिची मैत्रीण रागिणी हिचे वडील. लेकीचा दाखला काढायला आले होते.

प्रकरण साधं होतं. तीन आठवड्यांपूर्वी खुशी तोंडाला स्कार्फ बांधून वर्गातल्या शुभमच्या गाडीवर अकोल्याला गेली, कुल्फी खाल्ली आणि परत आली. पण स्कार्फ रागिणीचा होता. जर्द नारिंगी, वर हिरवे मोर. अख्ख्या शाळेत तसा दुसरा नाही. कोणीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला नुसती गाडी होती, मधल्या सुट्टीत लॉज आलं, आणि शाळा सुटेपर्यंत रागिणीचं आळंदीला लग्न लागूनही गेलं होतं, साक्षीदारांच्या नावांसकट. खुशीसुद्धा तेव्हा सगळ्यांबरोबर हसली होती.

रागिणीनं मात्र तिचं नाव घेतलं नाही. "तुह्या बाबाले समजलं तं तुही शाळा बंद होईन," ती म्हणाली होती. "माह्यं काय, लोक चार दिवस बोलतीन अन् इसरतीन."

लोक विसरले नाहीत. महादेवरावांनी बाळापूरचं एक स्थळ पाहायला घेतलं.

वर्गात खुशीला वही सापडली. पण बाकावरची रागिणीची रिकामी जागा दिसली. ती बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली.

आधी वास आला. खोबरेल तेलाचा, आणि वेणीत कोमेजलेल्या शेवंतीचा. मग भिंतीवरच्या स्पीकरमध्ये खरखर झाली.

"काहून रडून राहिली वं?"

मुलीचा आवाज. हळू, जवळचा. खुशी दचकली. ऑफिसातून कोणी मॅडम बोलत असतील असं तिला वाटलं.

"काई नाई, मॅडम…"

"सांग… मी आयकून राहिली."

कबुतरांची घुटर्गू थांबली होती. बाहेर रणरणतं ऊन, आणि वर्गात तिच्या अंगावर काटा आला होता. उठून पळावं असं तिला वाटलं. पण तीन आठवड्यांत 'सांग' असं तिला कोणीच म्हटलं नव्हतं.

"ते मी होती," ती म्हणाली. "गाडीवर… रागिणी नाई. मी होती."

"पुढं?"

मग तिनं सगळं सांगितलं. शुभमचं, कुल्फीचं, स्कार्फचं, स्वतःच्या हसण्याचंही. अधूनमधून तो आवाज फक्त "हं…" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "झालं. आता डोळे पूस."

त्याच क्षणी शिपाई बुधाजी धावत दारात आला. "पोरी, ऑफिसात चाल. मॅडमनं बलावलं."

ऑफिसात मुख्याध्यापिका नीलम मॅडम उभ्याच होत्या. महादेवरावांच्या हातात अर्ज होता, सही व्हायची बाकी. टेबलामागच्या स्पीकरमधून दोघांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

खुशीनं मान खाली घातली. आता मार बसेल असं तिला वाटलं. महादेवरावांनी अर्ज फाडला.

"माह्या पोरीनं एवढं पोटात ठेवलं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अन् मी तिले एका शब्दानं इचारलं नाई." मग जाता जाता ते खुशीजवळ थांबले. "तू बोलली, लय उपकार झाले, बाई."

संध्याकाळी नीलम मॅडम स्वतः खुशीच्या घरी गेल्या. तिचे वडील शेषराव भाजीच्या पाट्या भरत होते. दोन दिवस ते लेकीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उद्या साऱ्या शाळेपुढं खरं सांग. मी येतो संगं." खुशीनं सांगितलं. वडील फाटकाशी उभे होते.

रागिणी परत आली. बाकावर बसता बसता तिनं एवढंच विचारलं, "कुल्फी तरी चांगली होती काय?" आणि दोघी हसता हसता रडल्या.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी मला बोलतं केलं," खुशी नंतर नीलम मॅडमना म्हणाली, "नाहीतर मी कधीच…"

"मी?" मॅडम तिच्याकडे पाहतच राहिल्या. "आम्हाला तर तुझाच आवाज येत होता. तू बोलायचीस, थांबायचीस, पुन्हा बोलायचीस. आम्ही समजलो, तूच कुठूनतरी माईक चालू केलास. नंतर आठवलं. स्पीकरचं मशीन दिवाळीपासून अकोल्याला दुरुस्तीला आहे."

खुशी त्या रात्री झोपली नाही. पण भीतीपेक्षा दुसरंच काही तिच्या छातीत दाटलं होतं. तो आवाज ज्या कोणाचा होता, त्यांनी दोन पोरींची आयुष्यं वाचवली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच वर्गात थांबली, आणि भिंतीकडे तोंड करून तिनं हात जोडले.

"तुमचे लय उपकार झाले," ती म्हणाली.

मग तेलाचा आणि शेवंतीचा तो वास.

"तुह्यं आयकलं म्या…" स्पीकर हळूच म्हणाला. "आता माह्यं आयकशीन?"

खुशीनं मान डोलावली.

तेवढ्यात शेजारच्या वर्गातल्या स्पीकरमध्ये कोणीतरी खाकरलं. मग त्याच्या पलीकडच्या. मग लॅबमधल्या. सगळ्या मुलीच होत्या. कोणी हुंदका गिळत होती, कोणी नाव सांगू पाहत होती, साऱ्या एकदमच बोलू लागल्या होत्या.

खुशी पहिल्या बाकावर बसली.

"एकेकीनं सांगा…" ती म्हणाली. "मी हाओ इथंच."

सगळे आवाज थांबले. वरच्या मजल्यावर बाक सरकला, आणि सावकाश कोणीतरी जिना उतरू लागलं.

शाळा बैठी होती. वर नुसते पत्रे होते.