शंकासुराची शेवटची शंका

कॉफीच्या मशीनपाशी भेटलेल्या अनोळखी माणसाजवळ मन मोकळं करू नये, हे शहाणपण तिला जरा उशिराच सुचलं. नव्या नोकरीत तिचं काम होतं दवाखान्याच्या ॲपचा मसुदा लिहिण्याचं. कोणतं बटण दाबल्यावर काय व्हायला हवं, ते सगळं त्यात आलं पाहिजे. प्रोग्रामर त्यावरूनच ॲप बनवणार. पण चाचणी विभागातल्या कुणा शंकासुरानं तो दोनदा परत पाठवला होता.

"लवकर म्हणजे किती, सोपं म्हणजे कुणाला... अशा माणसाला घरी जेवायला तरी वाढतात का हो?"

"वाढतात," तो शांतपणे म्हणाला. "पण थोडी भाजी म्हणजे किती, असं विचारलं की आई पळी उगारते."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तो मात्र हसत होता.

मग रोज दुपारी तो तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसू लागला. शिकवायचा कसला, नुसतं विचारायचा. पेशंटनं वेळ घेतली आणि आलाच नाही तर? डॉक्टरच आले नाहीत तर? ती चिडायची, खोडायची, पुन्हा लिहायची. उत्तर पटलं की तो फक्त भुवई उचलायचा — आणि बाईसाहेबांना तेवढं दिवसभर पुरायचं.

अशात तिच्या विभागप्रमुख मॅडमनी बजावलं, मसुदा आता परत आला तर नोकरी कायम होणार नाही. तिनं जीव मुठीत धरून तो पाठवला. आला... मंजूर होऊन. एकही शंका नाही! आनंद राहिला बाजूला, आता तिलाच शंका आली. दया तर केली नाही ना यानं? ती तरातरा त्याच्याकडे गेली.

"खरं सांगा. डोळेझाक केलीत?"

"उलट शंका काढायला जिवाचं रान केलं," तो खाली बघत म्हणाला. "मसुदा मंजूर झाला की तुमच्या टेबलाशी बसायला निमित्त उरणार नव्हतं."

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"मग... कधीतरी भेटूया?" तो चाचरला.

"कधीतरी म्हणजे कधी?"

"उद्या संध्याकाळी. समोरच्या बागेत."

"आणि मी आलेच नाही तर?"

"थांबेन."

"किती वेळ?"

शंकासुराचे कान लाल झाले.

"येईन रे," ती म्हणाली. "लवकर येईन."

लवकर म्हणजे किती, हे त्यानं विचारलं नाही.