च्च-च्च ऐकणारी अंडी

पिल्लांना अंड्यातून बाहेर येऊन दीड दिवस झाला होता आणि त्यांतल्या एकालाही मी आवडत नव्हते.

हे मला फार लागलं. एकवीस दिवस त्यांचं सगळं मी केलं होतं. कोल्हापुरातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात याआधी कुणी साधं मांजरही पाळलेलं नाही. आई यानात बसून मंगळाकडे निघाली त्याला सात महिने झाले, आणि तेव्हापासून घर अगदी गप्प झालं. म्हणून बाबांनी एके दिवशी सहा गावठी अंडी आणि एक उबवणी पेटी (कोंबडीशिवाय अंड्यांना ऊब देणारं यंत्र) आणली. मोकळा प्लग फक्त जेवणाच्या खोलीत, संदेशपडद्याशेजारी होता, म्हणून पेटी तिथेच ठेवली. आईचे निरोप याच पडद्यावर येतात.

अठराव्या दिवसापर्यंत मी रोज पाच वेळा अंडी फिरवली. न फिरवता ठेवली तर आतला जीव कवचाच्या आतल्या पातळ पडद्याला चिकटून बसतो. आमचा यंत्रमानव ठोंब्या मला वेळेची आठवण करून द्यायचा. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण तो दारात उभा राहतो आणि हलत नाही, म्हणून ठोंब्या. बाबांनी पेटीवर पाटी लावली होती, 'शांतता राखा'. मी जन्मले तेव्हा आईच्या खोलीत कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा आजीचा नियम होता, तोच त्यांनी अंड्यांना लावला. तीन आठवडे आम्ही कुजबुजत जेवलो.

आणि आता पिल्लं माझ्याकडे यायला तयार नव्हती. मी 'या, या, या' म्हटलं, तांदळाच्या कणीची वाटी वाजवली. ती कोपऱ्यात चिवचिवत उभी राहिली. दाण्यालाच काय, पाण्यालाही चोच लावली नव्हती.

खालच्या मजल्यावरून तात्यांना बोलावलं. तात्या म्हणजे आईचे बाबा. पक्षी एकमेकांशी काय बोलतात याचा त्यांनी चाळीस वर्षं अभ्यास केला. ते पेटीपुढे मांडी घालून बसले.

"बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं," ते म्हणाले. "ती त्याची शिदोरी. दोन-तीन दिवस पुरती की. पण उद्यापर्यंत यांनी खायला शिकलं पाहिजे गं, शरू."

"आणि नाही शिकली तर?"

तात्यांनी कणीची वाटी पिल्लांच्या जवळ सरकवली.

तेवढ्यात साडेसहा वाजले आणि पडदा उजळला. आईचा निरोप आला होता. आई आधी माझा कालचा व्हिडिओ बघते, मग बोलते. आणि तिची सवय अशी, की काही विस्कटलेलं दिसलं की आधी जीभ वाजवायची.

"च्च, च्च, च्च," आई म्हणाली. "काय गं शरू ही वेणी. बाबांनी घातली ना?"

सहाच्या सहा पिल्लं पडद्याच्या बाजूला धावली. एकमेकांवर पडली, उठली आणि पेटीच्या भिंतीला चिकटून उभी राहिली.

मला राग आला. खरं सांगते, आईचा राग आला. "तिला तर यांनी बघितलेलंसुद्धा नाही. अंडी मी फिरवली. मग ती तिची कशी?"

"बघितलं नाही, पण ऐकलं असंल की," तात्या म्हणाले. "हे बघ. बाराव्या-चौदाव्या दिवसापासून अंड्यातल्या पिल्लाला ऐकू येऊ लागतं. शेवटी शेवटी ते आतूनच चिवचिवतं आणि कोंबडी बाहेरून कुक्-कुक् करून उत्तर देते. दोघांची ओळख कवचाच्या आडूनच होते. मग बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत त्याच्या मनावर ठसा उमटतो ('ही आपली आई' अशी पक्की खूण). कोंबडीची हाक आखूड, तुटक, एकामागून एक. आता तुझ्या आईची च्च-च्च आठव."

"पण निरोप रोज एकदाच येतो," बाबा म्हणाले. "तेवढ्यानं ठसा उमटेल?"

तेव्हा दारातून ठोंब्या बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "एकवीस दिवसांत आईंचे निरोप एकशे अठरा वेळा लावले गेले. सगळे शर्वरीने लावले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरेना.

मग मी सांगून टाकलं. महिन्यापूर्वी एका सकाळी मी अंथरुणातच आईचा आवाज आठवून पाहिला आणि तो आठवलाच नाही. चेहरा आला, आवाज आला नाही. आई परत येईल तेव्हा मी अकरा वर्षांची असेन. तोवर तो पुसलाच गेला तर? म्हणून अंडी फिरवायला गेले, की मी प्रत्येक वेळी निरोप लावायची.

"म्हणजे घरात सगळे गप्प," तात्या हळूच म्हणाले, "आणि अंड्यांनी ऐकला तो एकच आवाज. अहो जावईबापू, तुम्ही पाटी लावलासा, आणि काम हिनं केलं."

बाबांनी पाटी काढली आणि मला जवळ घेतलं. कितीतरी वेळ त्यांनी सोडलं नाही.

पण पिल्लं अजून पडद्याकडे तोंड करून उभी होती आणि कणी तशीच पडून होती.

"कोंबडी दाण्यावर चोच आपटते आणि हाक देते, मग पिल्लू टिपतं," तात्या म्हणाले. "पडद्याला चोच नाही. तुला बोट आहे की."

मी पेटीत हात घातला, कणीवर बोट टकटक आपटलं आणि जीभ वाजवली. "च्च, च्च, च्च."

एक पिल्लू वळलं. मग सगळी वळली. ती धडपडत माझ्या बोटाशी आली आणि मी जिथे टोचत होते तिथेच टोचू लागली. एकाने कणी गिळली. मी बोट पाण्यात बुडवलं, तशी त्यांनी पाण्यातही चोची बुडवल्या.

आणि मला ऐकू आलं. तो आईचाच आवाज होता, अगदी तसाच, आणि तो माझ्या तोंडातून येत होता.

"असंच असतंय," तात्या म्हणाले. "तूसुद्धा जन्माआधी तिच्या पोटात तिचा आवाज ऐकलायस. तो बरा कसा पुसला जाईल?"

आम्ही लगेच व्हिडिओ पाठवला. आमचा निरोप प्रकाशाच्या वेगाने जातो, तरी आईपर्यंत पोचायला सध्या तेरा मिनिटं लागतात आणि उत्तर यायला आणखी तेरा. आम्ही पडद्यासमोर बसून राहिलो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला आई दिसली. तिचे डोळे ओले होते. तिने नुसती जीभ वाजवली.

पिल्लांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठरवता येईना.

आई येईल तेव्हा ही सगळी मोठी झालेली असतील, कदाचित त्यांची पिल्लंही असतील. ती दारात उभी राहील, माझी वेणी बघेल आणि च्च-च्च करेल. तेव्हा या कोंबड्यांच्याही आधी कोण धावेल, ते मला आत्ताच माहीत आहे.