उज्वलाची निगेटिव्ह

लाईट येईस्तोवर गप बसा पोरांहो. ते मोबाईल बी ठिवा खाली. सांगतो ते आमच्या मारोतीचं. सोयऱ्यातलाच हाय माझ्या, खोटं बोलायचा न्हाई.

मागल्या कार्तिकातली वद्य त्रयोदशी, मंगळवार. सांजच्या सातला मारोतीनं गाडी काढली आन् उमरीला निघाला, फोटो आणायला. लेकीचं, ऋतुजाचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं. तिची माय उज्वला, पोरगी दोन वर्षांची असतानाच गेली. फोटो एकच, लग्नातला, काळा-पांढरा. त्या पावसाळ्यात भिंतीला ओल सुटली आन् तो काचेला चिकटून पार गेला. पोरीला माय आठवत न्हाई. मांडवात निदान तिचा चेहरा असावा, एवढंच मागणं तिचं.

मारोतीला घोर नव्हता. फोटोवाला व्यंकटराव त्याचा शाळेपासूनचा दोस्त. लग्नातला फोटो त्यानंच काढलेला, निगेटिव्ह उजेडात धरून तवाच दाखवली होती, चेहरा काळा, केस पांढरे. "जिवापाड जपीन," म्हणला होता.

स्टुडिओत व्यंकटरावनं आधी चहा पाजला. मंग चांदीचा करंडा पुढं केला, ऋतुजाच्या कुंकवासाठी.

"हे कामून? फोटो दे."

व्यंकटरावनं करंडा आणखी पुढं सरकवला.

"व्यंक्या..."

"मोबाईल आले, धंदा बसला रे. फिल्मच्या अंगावर चांदीचा लेप असतो. उजेड पडला तिथं चांदी काळी पडती, त्याचाच चेहरा होतो. जुन्या सगळ्या निगेटिव्ह सोड्याच्या पाण्यात उकळल्या. लेप सुटला, चांदी निघाली."

"उज्वलाची बी?"

"...तिची बी."

"मंग कुठं हाय ती?"

व्यंकटरावनं करंड्याकडं बघितलं.

मारोतीच्या अंगाची लाही लाही झाली. "परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं रे. तू केसानं गळा कापलास माझा!" पण करंडा तिथं टाकून त्याला येववेना. खिशात घातला आन् निघाला.

आठ वाजून गेले होते. रस्त्याला चिटपाखरू न्हाई. नाल्याच्या पुलावर गाडी जड झाली. मागं कुणी बसल्यावानी. बांगड्या वाजल्या... मारोतीनं मागं बघितलं न्हाई. खिसा गार पडत गेला. "हळू चालवा," उज्वला नेहमी म्हणायची. आता कुणी म्हणलं न्हाई... तरी त्यानं हळूच चालवली. घरापर्यंत.

"अप्पा, मायचा फोटो आणलाव?"

मारोतीनं करंडा तिच्या हातावर ठेवला. पोरगी झाकणाकडं बघत राहिली. लई वेळ.

"अप्पा... मायच ना ही?"

झाकणावर बाईचा चेहरा. काळा. केस पांढरे. कपाळावर पांढरं कुंकू. करंडा राखेनं घासून बघितला... चेहरा गेला न्हाई. आज बी हाय, लातूरला तिच्या सासरी, देव्हाऱ्यात.

लग्नात तो करंडा पाटावर मांडला होता. तो चेहरा मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. आल्यागेल्यानं हात जोडले, बायांनी पदरानं डोळे पुसले. व्यंकटराव बी आला, मुंडी खाली घालून. त्यानं करंडा उचलला. उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"मला काईच दिसंना रे, मारोती... निस्ती चांदी दिसून राहिली."