काठावर टाकी मान

"थांब! ती नरडी कापू नकोस, टॅव्हिश!"

ग्रिझेल ओरडली आणि प्लास्टरमधला हात छातीशी धरून तशीच भिंतीला टेकली. इतकं ओरडायचंही त्राण आता अंगात उरलं नव्हतं... बर्फावर घसरून मनगट मोडलं नसतं, तर आज राष्ट्रकवीच्या जयंतीच्या दिवशी धाकट्या भावाला चुलीपाशी उभं करायची वेळच आली नसती!

"अगं ताई, पातेल्यात मावत नाहीये ती!"

"मावायची नसतेच. मेंढीचं काळीज, फुप्फुस आत आणि नरडी काठाबाहेर. खाली वाडगं ठेव. आतली घाण तिच्यातून गळून जाऊ दे."

"शी! बाबा उगाच नव्हते या वासानं पळत."

"पळत कसले? आयुष्यात या दारातून आत आले नाहीत ते."

टॅव्हिश हसला. ग्लासगोहून तो दरवर्षी याच दिवशी यायचा, गावाच्या सभागृहात बाबांची कविता म्हणायचा, टाळ्या घ्यायचा. यंदा तर ओकच्या लाकडाची पाटीच करून आणली होती त्यानं. बाबांच्या त्या प्रसिद्ध ओळी आणि खाली बाबांचं नाव! आज ती कायमची सभागृहाच्या भिंतीवर चढणार होती.

"तू कधी ऐकलीसच नाहीस ना गं बाबांची कविता?" दोन तासांनी, शिजलेलं काळीज बारीक करता करता तो म्हणाला. "जन्मभर आपली भांड्यांत. दगड आहेस नुसती!"

ग्रिझेल डाव्या हातानं ओट चाळवत राहिली. आई गेली तेव्हा टॅव्हिश सात वर्षांचा होता आणि ती एकोणीसची. एडिंबराला शिकायला जायचं ठरलेलं, पेटी भरलेली. ती पेटी तिनं मुकाट्यानं रिकामी केली. त्याच हिवाळ्यात बाबांचे शब्द आटले. दरवर्षी जयंतीला नवी कविता म्हणणारा तो अभिमानी मेंढपाळ, "यंदा मी उभा राहू शकत नाही," म्हणत लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. आणि तिनं रात्र जागवून लिहिलेला कागद त्यांच्या कोटाच्या खिशात हळूच सरकवला. सभागृह दणाणून गेलं! बाबा घरी आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर व्हिस्कीचा एक पेला तिच्यासाठी ठेवून निघून गेले. एक शब्द नाही. मग दरवर्षी एक कागद, दरवर्षी एक पेला... अठ्ठावीस वर्षं! बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, पेलाही थांबला. राहिला तो फक्त शिणवटा.

भाजलेले ओट, चरबी, कांदा, मिरी घालून मिश्रण मेंढीच्या पोटाच्या धुतलेल्या पिशवीत भरलं गेलं. "आता तोंड शिव," ती म्हणाली. "आत सैल राहू दे, फुगतं ते. घट्ट झालं तर फुटेल."

टॅव्हिशनं सुई ओवली. दोन टाके घातले... आणि त्याचा हात थबकला. त्यानं शिवलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग बाजूच्या पातेल्याकडे, वाडग्यात अजून ठिबकणाऱ्या त्या नरडीकडे. ओठ आपसूक हलले,

"काठावर टाकी मान, गळे थेंब थेंब पाणी,
ओठ शिवलेले तरी, पोटी उकळती गाणी..."

"ताई... आम्हाला सगळ्यांना वाटायचं, तळ्याकाठी रडत बसलेला बॅगपाइप वाजवणारा आहे तो."

ग्रिझेलनं मान फिरवली.

"बाबा तर आत कधी आलेच नाहीत," तो तिच्याकडे वळला. "मग त्यांना हे दिसलं कुठून? ताई, माझ्याकडे बघ! कोणी लिहिलं हे?"

"सुई टोचेल. आधी शिवून घे."

"ताई!"

"मेलेल्या माणसाचं नाव नको रे खोडूस..." तिचे डोळे भरून आले. "त्यांच्यापाशी दुसरं होतं काय? आणि मला आता कशाचाच सोस नाही. दमलेय मी."

त्यानं सुई खाली ठेवली आणि तिच्या प्लास्टरवर कपाळ टेकून तो लहानपणीसारखा स्फुंदू लागला. "मी तुला दगड म्हणालो गं!"

संध्याकाळी टॅव्हिशनं तिला हात धरून सभागृहातल्या टेबलाशी बसवलं. बॅगपाइपच्या सुरात ती शिजवलेली पोटपिशवी, हॅगिस, ताटातून आली, सुरी चालली, पेले भरले गेले. कवितेसाठी तो उभा राहिला, पहिली ओळ म्हणाला आणि ताईकडे पाहत तसाच थांबला. दुसरी ओळ येईना! बाबांच्या लेकाची अशी फजिती ग्रिझेलला पाहवेना. बसल्या जागेवरून, थकल्या आवाजात तिनं ती ओळ म्हटली. मग पुढची. मग शेवटपर्यंत... जिथं टॅव्हिश नेहमी घाई करायचा, तिथं ती थांबत होती.

टॅव्हिशनं पाटीवरचं कापड काढलंच नाही. "पाटी चुकलीय," तो म्हणाला. "बाबांनी ही फक्त म्हटली होती. लिहिली माझ्या ताईनं. दोन्ही नावं घालून आणतो."

शेजारची म्हातारी युफीमावशी खेकसली, "मला बाई केव्हाचा संशय होता! पुरुषाला पातेल्यातलं काय कळतंय?"

हशा उसळला, टाळ्या वाजू लागल्या, सगळी माणसं उठून उभी राहिली. उठली नाही ती एकटी ग्रिझेल. गालांवरून आसवं वाहत होती आणि डाव्या हातानं ती सलगम-बटाट्याचा घास उचलत होती.

"मावशी, बसव गं यांना," ती म्हणाली. "मला जेवू दे. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा गरम पानात पडलंय."