कोरडी झोळी

एसटी पलूसच्या पुढं आली आणि फोन वाजला. ‘झोळी ओली.’

प्रियदर्शनीनं निरोप दोनदा वाचला. तान्ह्या लेकीच्या झोळीत एक पट्टी ठेवायची; कापड भिजलं की पट्टी आईच्या फोनवर निरोप धाडते. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा हा तिचा प्रकल्प. पण ते यंत्र तर तिनं कालच सांगलीला, कॉलेजच्या लॅबमधल्या कपाटात जमा केलं होतं!

तिनं कुंडलला घरी सासूला, बाळाबाईंना फोन लावला.

“आत्या, झोळी भिजलीय?”

“कोरडी ठणठणीत हाय. पोरगी बी झोपलीया. तू परीक्षेचं बघ. औंदा न्हाई जमलं, तर तुझा सासरा माझं बी ऐकायचा न्हाई. घरातच बसवंल तुला.”

लॅबमध्ये पोचेपर्यंत खंडेनवमीची पूजा उरकली होती. प्रत्येक यंत्रावर झेंडूचं फूल आणि ओल्या कुंकवाचं बोट. साताऱ्याहून आलेल्या परीक्षक श्रद्धा मॅडम खुर्चीत बसल्या होत्या.

कपाटातला प्रियदर्शनीचा कप्पा रिकामा होता.

“घरीच राहिलं असणार,” लॅब सांभाळणारे गंगाधर सर पेढा चघळत म्हणाले. “दोन डगरींवर पाय ठेवला की असंच होतं. मॅडम, हिला गैरहजर धरा.”

“काल तुमच्यासमोरच ठेवलंय, सर. कुलूप कुणी लावलं?”

“मीच.”

“आज उघडलं कुणी?”

“मीच. किल्ली माझ्याच खिशात असते. उलटतपासणी घेतीस व्हय गं माझी?”

पोरं फिदीफिदी हसली. प्रियदर्शनीचं डोकं सणकलं. पण ती दारापाशीच पाय रोवून उभी राहिली.

पहिला नंबर धवलचा, सरांच्या भाच्याचा. काळा डबा, त्यातून निघालेली पट्टी, पट्टी मातीच्या कुंडीत खोचलेली. पट्टीच्या वरच्या टोकावर कुंकू फासलेलं. हिरवा दिवा पेटलेला.

“द्राक्षबागेसाठी आहे, मॅडम. माती ओली झाली की दिवा लागतो.”

प्रियदर्शनी पुढं झाली. कुंडीत बोट घातलं. बोटाला भुकटी लागली.

“मॅडम, माती तर वाळून कोरडी पडलीय. मग दिवा कशानं लागला?”

“बिघडलं असेल!” धवल गडबडला.

“बिघडलेलं नाही. यंत्र खरं बोलतंय. हे कुंकू कुणी लावलं?”

“मीच,” धवल म्हणाला. “आपल्या हत्याराची पूजा आपणच करतो.”

तिनं ओढणीच्या टोकानं पट्टी खसखसून पुसली. दिवा विझला. त्याच क्षणी तिच्या हातातला फोन वाजला. तिनं तो मॅडमपुढं धरला. ‘झोळी कोरडी.’

मॅडम खुर्चीतून उठून जवळ आल्या.

“मॅडम, या पट्टीला पाण्याचा थेंब लागला तरी निरोप जातो. जो ही बनवेल, तो डब्यावर कुंकू लावेल, पट्टीला मेला तरी ओलं बोट लावणार नाही. यानं लावलं, कारण यानं बनवलेलीच नाही. सकाळी इथं पूजा झाली आणि एसटीत मला निरोप आला. यंत्रात घरचं आणि या लॅबचं, दोनच वायफाय भरलेत. घरी यंत्र नाही. म्हणजे ते इथंच होतं. डबा बदललास रे धवल, पण आतला प्रोग्रॅम उघडून बघायचेही कष्ट घेतले नाहीस!”

“मी कपाट फोडलं नाही!” धवल ओरडला.

“फोडलंच नाही कुणी,” ती सरांकडं वळली. “कुलूप शाबूत. किल्ली एकाच खिशात.”

“मामांनीच काढून दिलं,” धवल रडकुंडीला आला. “म्हणाले, लेकुरवाळी बाई, तिला काय करायचाय डिप्लोमा.”

सरांच्या हातातला पेढा तसाच राहिला. आवाज एकदम मऊ झाला. “हे बघ, इथल्या इथं मिटवू. पोराचं वर्ष वाया जाईल गं.”

“आणि माझं?”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. “धवल, बाजूला व्हा. सर, तुम्ही प्राचार्यांच्या खोलीत थांबा, मी येतेच. प्रियदर्शनी, मांडा तुमचा प्रकल्प.”

पिशवीतून तिनं लेकीच्या झोळीचं दुसरं कापड काढलं, पट्टीवर पसरलं आणि सरांच्याच पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं.

फोन वाजला.